प्लॉट विकून ऑस्ट्रेलिया?

पत्र असं आहे:

‘ताई, मी उलव्याच्या पलीकडच्या एका गावात राहते. वाशीच्या कॉलेजात एस.वाय.बी.ए.ला आहे, विषय राज्यशास्त्र. लॉकडाऊनमध्ये कोरियन मालिका बघायला लागले, मग फोनवर हंगुल, म्हणजे कोरियन लिपी, वाचायला शिकले, मग तिकडच्या बातम्या वाचायची सवय लागली. आधी कोरिया, मग तैवान, फिलिपिन्स, आता फिजीपर्यंत पोचलेय. मला आशिया-पॅसिफिकचाच अभ्यास करायचाय: भाषा, संस्कृती, राजकारण सगळं. वाशीतल्या एका एजंटने ऑस्ट्रेलियातल्या विद्यापीठाचं माहितीपत्रक दिलं. इथलं अर्धवट सोडून तिथे पहिल्या वर्षापासून तीन वर्षांची डिग्री. सगळं मिळून ऐंशी लाख म्हणाला. बाबा न्हावा-शेव्याला ट्रेलर चालवतात. ते म्हणाले, साडेबारा टक्क्यातला प्लॉट आहे ना, विकू. दादा म्हणतो, सिरीयली बघून डिग्री घेणारी तूच पहिली. आई काहीच बोलत नाही. एजंटकडे महिनाअखेरपर्यंत पन्नास हजार भरायचेत. हा खरंच अभ्यासाचा विषय आहे का? कुठली भाषा घेऊ? आणि पुढे काम मिळेल का?’

पन्नास हजार भरू नकोस. बाकीचं सावकाश बोलू, पण महिनाअखेर जवळ आहे म्हणून हे आधी.

हे पैसे कशाचे, ते तू लिहिलेलं नाहीस. त्यानेही बहुधा सांगितलं नसेल. परदेशी विद्यापीठं प्रवेशामागे एजंटला कमिशन देतात, त्यामुळे बरेच एजंट विद्यार्थ्याकडून काही घेतच नाहीत. हा घेतोय तर कशासाठी, आणि प्रवेश किंवा व्हिसा नाही मिळाला तर परत देणार का, हे लेखी माग. तोंडी ‘हो हो, सगळं होऊन जाईल’ म्हणाला तर समजून घे. ऑस्ट्रेलियाच्या विद्यार्थी व्हिसाच्या नुसत्या अर्जाला जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात, म्हणजे लाखाच्या वर रुपये, आणि व्हिसा नाकारला तरी ते परत येत नाहीत. त्याशिवाय एका वर्षाच्या राहण्याखाण्यासाठी २९,७१० डॉलर हाताशी आहेत हे दाखवावं लागतं, हा आकडा २०२४ मध्ये ठरला. कॉलेजची फी आणि विमानाचं भाडं वेगळं. ऐंशी लाखांत यातलं काय काय धरलंय, तेही विचार.

आता प्लॉट. बाबांनी एका वाक्यात ‘विकू’ म्हटलं, त्यातली माया मला दिसते. पण साडेबारा टक्क्यांचे प्लॉट, म्हणजे नवी मुंबईसाठी सरकारने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात परत मिळालेले, एकट्याच्या नावावर क्वचितच असतात. आजोबांच्या नावाची जमीन गेलेली असते, मग वारसांत काका येतात, आत्या येतात, आणि सही करायची वेळ आली की सगळ्यांना आपापले हिस्से आठवतात. तुझ्या दादाचाही त्यात हिस्सा आहे. तो सिरीयलींवरून टोमणे मारतोय, पण त्याच्या पोटात प्लॉट असावा असा माझा अंदाज आहे. तसं असेल तर त्यात त्याचं काही चुकत नाही. आई गप्प आहे तिचंही कारण फार वेगळं नसेल. ज्या जमिनीसाठी जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या लढ्यात पाच जण पोलिसांच्या गोळीबारात गेले, तिच्या बदल्यात मिळालेला तुकडा आहे तो. घरात कोणी हे बोलून दाखवत नसेल, पण तुमच्या भागातल्या प्रत्येक घरात ते असतं.

आणि मुख्य म्हणजे गरजच नाही. तू एस.वाय.ला आहेस. दीड वर्षात पदवी हातात येईल. ती सोडून परक्या देशात पुन्हा पहिल्या वर्षाला बसायचं, तेही घरची जमीन विकून, यात फायदा फक्त एजंटचा. ऑस्ट्रेलियात हा विषय चांगला शिकवतात, ते खोटं नाही. कॅनबेराची ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटी १९४६ साली उभी राहिली तेव्हा तिच्या पहिल्यावहिल्या संशोधन विभागांत पॅसिफिक अभ्यास होता. युद्धात जपानी फौजा न्यू गिनीपर्यंत येऊन ठेपल्या, तेव्हा आपल्या शेजारची बेटं आपल्याला माहीतच नाहीत हे त्या देशाला चांगलंच समजलं होतं. पण अशा ठिकाणी एम.ए. किंवा पीएच.डी.ला जावं, शक्यतो शिष्यवृत्ती घेऊन.

मग हा विषय आहे का? आहे, आणि जुना आहे. आशिया-आफ्रिकेच्या अभ्यासाची लंडनची संस्था सोआस १९१६ सालची. शांतिनिकेतनात चीना भवन १९३७ साली सुरू झालं. दादाला हेही सांग की मराठी माणसांनी हे फार आधीपासून केलंय. गोव्यातले धर्मानंद कोसंबी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाली शिकायला सिलोनला गेले, पुढे ब्रह्मदेशात राहिले, आणि मग पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये येऊन त्यांनी पाली शिकवली. त्यांचे विद्यार्थी पु. वि. बापट चिनी आणि तिबेटी शिकले आणि पाली बौद्ध ग्रंथ चिनी भाषांतरांशी ताडून पाहत बसले. सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले, तिथे चिनी बोलायला शिकले, तिथेच लग्न केलं आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. सिरीयल बघून कोणी गेलं नव्हतं, एवढं दादाचं खरं. पण सुरुवात कशाने झाली याला फारसं महत्त्व नाही. माझ्या ओळखीत कार्टून बघून जपानी शिकायला आलेली पोरं आहेत, त्यातली काही आज उत्तम काम करतात. बाकीच्यांनी तिसऱ्या महिन्यात कांजी, म्हणजे चिनी चिन्हं, सुरू झाल्यावर वर्ग सोडला.

अडचण दुसरीच आहे. ‘आशिया-पॅसिफिक’ म्हणजे मंगोलियापासून न्यूझीलंडपर्यंत. एकट्या पापुआ न्यू गिनीत आठशेच्या वर भाषा बोलतात. ‘सगळं’ शिकायचं म्हणालीस की माहितीपत्रकातला गुळगुळीत फोटोच हाती लागतो: एक पॅगोडा, एक नाचणारी बाई, एक कंटेनरचं जहाज. अभ्यास सुरू होतो तो एखाद्या प्रश्नापासून. देश त्यानंतर ठरतो, आणि देश ठरला की भाषा आपोआप ठरते. तू तिन्ही गोष्टी एकदम निवडायला निघालीस, म्हणून गोंधळ झाला.

तुझ्याकडे प्रश्न आहे. तुला तो दिसत नाही, कारण तू त्याच्यातच वाढलीस.

जपानचं नारिता विमानतळ घे. १९६६ साली सरकारने ठरवलं की टोकियोसाठी नवा विमानतळ चिबा प्रांतातल्या सानरिझुका भागात होणार. तिथे शेतकरी होते. त्यांतले बरेच युद्धानंतर ओसाड जमिनीवर वसवलेले, हातांनी रान साफ करून शेतं केलेले. त्यांना कोणी विचारलं नाही, निर्णय बातम्यांतून कळला. त्यांनी संघटना केली, झाडांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेतलं, जमिनीखाली भुयारं खणून त्यात बसून राहिले. टोकियोहून विद्यार्थी आले. १९७१ मध्ये झटापटीत तीन पोलीस मेले. मार्च १९७८ मध्ये, उद्घाटनाला चार दिवस राहिले असताना, आंदोलकांनी कंट्रोल टॉवरमध्ये घुसून यंत्रं फोडली आणि उद्घाटन मे महिन्यापर्यंत पुढे गेलं. विमानतळ झाला, पण एकाच धावपट्टीवर चोवीस वर्षं चालला. दुसरी २००२ साली झाली, तीही ठरल्यापेक्षा आखूड, कारण मधल्या जमिनी काही जणांनी दिल्याच नाहीत. नव्वदच्या दशकात सरकार आणि शेतकरी टेबलाभोवती बसून बोलले, आणि असा प्रकल्प जबरदस्तीने रेटायला नको होता, हे सरकारला मान्य करावं लागलं. आज विमानतळाशेजारी या लढ्याचं संग्रहालय आहे.

हे वाचताना तुला काय आठवलं, ते मला सांगायला नको. नवी मुंबई विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांचं नाव द्यावं म्हणून २०२१ मध्ये तुमच्या गावांनी मानवी साखळी केली तेव्हा तू शाळेत असशील, कदाचित त्या साखळीत उभीही असशील. ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचं उद्घाटन झालं. टोकियोचा किंवा कॅनबेराचा विद्यार्थी पुस्तकं वाचून ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणजे काय ते समजून घेतो. तुझ्या घरात मोबदला, गावठाण, वाढीव बांधकामं, प्लॉटची वाटणी, बिल्डरबरोबरचा करार हे जेवताना बोलतात. एका देशाने हा प्रश्न असा सोडवला, दुसऱ्याने तसा, का? हा संशोधनाचा प्रश्न आहे, आणि तो घेऊन तू कुठल्याही विद्यापीठाच्या दारात उभी राहिलीस तर तुझा अर्ज वेगळा काढून वाचतील.

आणि जपानच कशाला, फिजीपर्यंत तर तू पोचलीच आहेस. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांवर माणसं गिरमिटावर, म्हणजे कराराच्या मजुरीवर, उसाच्या मळ्यांत काम करायला हिंदुस्थानातून फिजीला नेली. बरीचशी अवध-भोजपूरकडची, नंतर मद्रासकडची. गिरमिट संपल्यावर पुष्कळ जण तिथेच राहून कुळं म्हणून ऊस पिकवू लागले. पण जमीन विकत मिळेना. फिजीतली सुमारे ८७ टक्के जमीन मूळच्या फिजियन घराण्यांची सामाईक आहे आणि ती विकता येत नाही. इंग्रजांनीच तो कायदा केला, मूळ लोकांची जमीन हातची जाऊ नये म्हणून. म्हणजे तुमच्या गावांनी जे मागितलं असतं तेच. पण त्याच कायद्याने भारतीय वंशाचा शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या भाडेपट्ट्यावर राहिला. १९७६ च्या कायद्याने तीस वर्षांचे पट्टे दिले. १९९७ पासून पट्टे संपू लागले तशी हजारो कुटुंबं जमिनीवरून उठली. १९८७ आणि २००० मधली सत्तापालटं, देश सोडून गेलेले भारतीय वंशाचे लोक, हे सगळं जमीन बाजूला ठेवून समजत नाही. १९८७ ची सत्तापालटं करणारे सितिवेनी राबुका डिसेंबर २०२२ मध्ये निवडणुकीनंतर पंतप्रधान झाले, आणि पुढे त्यांनी जाहीर माफीही मागितली. नारितात जमीन सरकारने घेतली म्हणून भांडण, फिजीत बहुतेक जमीन विकतच मिळत नाही म्हणून भांडण. या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघ आणि मग जासईकडे बघ. मला विचारशील तर पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टला एवढं पुरे आहे. कॉलेज प्रोजेक्ट देत नसेल तरी करच. वीस पानं लिही, मराठीत लिहिलंस तरी चालेल.

भाषेचं थोडं रोखठोक सांगते. एकच निवड. तीन भाषांचे ‘नमस्कार, कशी आहेस’ येणारी मुलं मला दर वर्षी भेटतात. त्यांना एकाही भाषेतलं वर्तमानपत्र वाचता येत नाही.

हंगुल येतं म्हणून कोरियन, असं करू नकोस. ती लिपी पंधराव्या शतकात सेजोंग राजाने मुद्दाम सोपी करवून घेतली, एका शनिवार-रविवारात येते. भाषा त्यानंतर सुरू होते. तरीही तुझा प्रश्न कोरियाचा असेल, तिथल्या लष्करी राजवटीचा, १९८७ च्या लोकशाही आंदोलनाचा, तर कोरियनच घे. किंग सेजोंग इन्स्टिट्यूटचे मोफत ऑनलाइन धडे आहेत, टोपिक नावाची परीक्षा आहे.

नारिताने डोकं खाल्लं तर जपानी. मराठी माणसाला जपानीचं वाक्य परकं वाटत नाही: क्रियापद शेवटी, विभक्ती शब्दाच्या मागे. अक्षरांचा तक्ता पाहिलास तर गंमत वाटेल. आ, इ, उ, ए, ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून बौद्ध भिक्षूंकडे गेलेला क्रम आहे तो. पहिले सहा महिने त्यामुळे मजेत जातात. मग कांजी येतात. रोजच्या वापराच्या अधिकृत यादीत २,१३६ आहेत, आणि त्यांना रोज अर्धा-पाऊण तास बसण्यावाचून इलाज नाही. कोणी ‘तीन महिन्यांत जपानी’ची जाहिरात केली तर पान उलट. जेएलपीटी परीक्षा जुलै आणि डिसेंबरात होते, मुंबईतही केंद्र आहे. पाच पातळ्या, एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ अवघड. नोंदणी काही महिने आधी सुरू होते आणि जागा भरतात, तेव्हा तारखेवर लक्ष ठेव. या परीक्षेत बोलायची चाचणीच नसते, म्हणून एन-३ पास झालेली मुलंही जपानी माणसासमोर गप्प उभी राहतात. बोलायचा सराव वेगळा करावा लागतो. जपान फाउंडेशनचे मोफत ऑनलाइन कोर्स सुरुवातीला पुरतात. पुढे शिक्षक लागतोच. पुण्याचं रानडे इन्स्टिट्यूट आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठ ही मराठी मुलांची जुनी ठिकाणं. नियमित बसलीस तर टी.वाय. संपेपर्यंत एन-४, त्यानंतर वर्षभरात एन-३, असा माझा हिशोब आहे. संशोधनासाठी कागदपत्रं वाचायची तर एन-२ च्या पुढेच जावं लागतं.

आणि एक भाषा आहे जिच्याकडे आपल्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही: इंडोनेशियन. लिपी रोमन, क्रियापदाला काळाची रूपं नाहीत, वर्षभरात वर्तमानपत्र समजू लागतं. निकोबारच्या टोकापासून सुमात्रा दोनशे किलोमीटरही नाही. जगात सगळ्यांत जास्त मुसलमान असलेल्या देशांपैकी एक, आणि जावातली बाहुल्यांची छाया-नाटकं अजून महाभारतावर चालतात. तिथल्या तरुणांनी २८ ऑक्टोबर १९२८ ला एक राष्ट्र, एक राष्ट्रभाषा अशी शपथ घेतली, आणि भाषा निवडली ती सगळ्यांत जास्त लोक बोलत असलेली जावानीज नाही, तर व्यापाऱ्यांची मलाय. आपल्याकडचे भाषावाद रोज बघतेस, म्हणून विचार कर की जावाच्या लोकांनी हे कसं मान्य केलं असेल. जकार्ताच्या खाडीत भराव टाकून बेटं करायला निघाले तेव्हा तिथले कोळी कोर्टात गेले. तुझ्या गावच्या कोळीवाड्याला हे परकं वाटणार नाही. माझं स्वतःचं मत विचारशील तर तुझ्या प्रश्नासाठी मी इंडोनेशियन घेतली असती. शिकवणारे इथे कमी, हीच अडचण, पण ती भाषा जाणणारेही कमी, हाच फायदा. दर्मासिस्वा नावाची इंडोनेशिया सरकारची वर्षभराची शिष्यवृत्ती १९७४ पासून आहे, ज्या वर्षी अर्ज करशील त्या वर्षी ती सुरू आहे ना, हे मुंबईतल्या त्यांच्या वकिलातीत विचारून घे.

चिनी मी टाळलेली नाही. राजकारणाच्या अभ्यासाला ती सगळ्यांत वजनदार. पण २०२० नंतर जायची वाट जवळजवळ बंद होती, थेट विमानं ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि दोन देशांतलं कधी काय बिनसेल सांगता येत नाही. चिनी शिकायला तैवानही आहे, त्यांच्या सरकारच्या भाषा-शिष्यवृत्त्या आहेत. फक्त तिथे जुन्या, पूर्ण चिन्हांची लिपी शिकवतात.

टी.वाय.नंतर कुठे? दिल्ली. मुंबई-पुण्यात भाषा चांगल्या शिकवतात, पण प्रदेशाचं राजकारण, इतिहास आणि भाषा एका छताखाली हवं तर दिल्लीला पर्याय नाही. जेएनयूच्या स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीजमध्ये एम.ए. आहे, पूर्व आशियाचं वेगळं केंद्र आहे, इंडो-पॅसिफिकचंही आहे. दिल्ली विद्यापीठात पूर्व आशिया अभ्यासाचा एम.ए. आहे. दोन्हीकडे सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. जेएनयूची फी ऐकून बाबा तुला पुन्हा विचारतील, महिन्याची की दिवसाची. वसतिगृह मिळालं तर दोन वर्षं तिथे राहण्याचा खर्च एजंटच्या आकड्याच्या आसपासही जात नाही. तिथून पुढे बाहेरची दारं उघडतात: जपानची मेक्स्ट शिष्यवृत्ती, कोरियाची जीकेएस. मेक्स्टमध्ये फी माफ, महिन्याचा भत्ता, विमानाचं तिकीट. अर्ज मुंबईतल्या जपानी वकिलातीतून, साधारण एप्रिल-मेमध्ये. त्यात ‘संशोधनाचा आराखडा’ मागतात, आणि दर वर्षी शेकडो मुलं तिथे ‘मला जपानी संस्कृती आवडते’ असं लिहून येतात. तुझी ती वीस पानं इथे कामाला येतील.

आता काम. फसवं काही लिहीत नाही. ‘आशिया-पॅसिफिक तज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात तुला दिसणार नाही. परराष्ट्र सेवेत जायचं तर यूपीएससी, आणि तिथे भाषा आधी यावी लागत नाही. निवड झाल्यावर सरकारच भाषा ठरवून शिकवतं. म्हणजे आयएफएससाठी म्हणून कोणी जपानी शिकत असेल तर तो उलट्या बाजूने चाललाय. नेट देऊन प्राध्यापक, संशोधन संस्था, मुंबईतल्या वकिलातींची स्थानिक नोकरी, वर्तमानपत्रं, जपानी-कोरियन कंपन्या, जहाज कंपन्या: कामं आहेत, पण ती भाषा अधिक दुसरं काही येणाऱ्याला मिळतात. दुसरं म्हणजे कायदा, हिशोब, आकडेवारी, मालवाहतूक, काहीतरी एक. नुसत्या भाषांतराचं काम आक्रसलंय. यंत्रांची माहितीपुस्तकं, मालाच्या याद्या आता संगणक भाषांतर करून देतो आणि माणूस तपासतो, तपासायचे पैसेही तसेच मिळतात.

दुभाषाचं काम मात्र टिकून आहे. मी त्यातच बरीच वर्षं काढली, म्हणून त्यातलं जरा सांगते, कारण लोकांना वाटतं चांगले कपडे घालून पाहुण्यांबरोबर फिरायचं. रबाळ्याच्या कारखान्यात हेल्मेट घालून सकाळी आठपासून उभं राहायचं. जपानी इंजिनिअर एका बोटाने भागाची कडा चाचपतो, इथला सुपरवायझर म्हणतो, ‘मॅडम, त्याला सांगा, एवढं चालतं,’ आणि हे ‘एवढं चालतं’ त्याला कसं सांगायचं हे तेवढ्या क्षणात ठरवायचं. जेवणाच्या टेबलावर आठ माणसं, आठही बोलतात, आणि दुभाष्याच्या ताटातली पोळी वातड होत जाते. घास तोंडात असताना कोणी प्रश्न विचारला तर काय करणार? म्हणून आम्ही सगळे साडेअकरालाच पर्समधला डबा गुपचूप संपवतो. पैसे बरे मिळतात. पाय दुखतात.

तुझ्या बाबांशी मात्र तू या विषयावर बोलली नाहीस, असं पत्रावरून वाटतं. पैशांवर बोललीस. ते रोज ज्या गेटातून ट्रेलर आत घेतात त्यातलं एक टर्मिनल सिंगापूरच्या पीएसए या बंदर कंपनीचं आहे, २०१८ साली सुरू झालेलं. तुमच्याकडून शिवडीला जाणारा अटल सेतू जपानच्या कर्जातून झाला. त्याच्या बांधकामात एका भागात एल अँड टीबरोबर जपानची आयएचआय होती, दुसऱ्या भागात टाटांबरोबर कोरियाची देवू. पोर्ट क्लांग, बुसान, लाएम चाबांग ही बंदरांची नावं तुला नकाशात शोधावी लागली असतील, बाबांना ती कंटेनरच्या कागदांवरून पाठ असतील. कुठल्या देशाचा माल कधी वाढला, कधी आटला, कोविडमध्ये रिकामे कंटेनर कुठे अडकले, हे त्यांना विचार. पहिल्या प्रकरणाची अर्धी सामग्री तिथेच निघेल. आणि ‘विकू’ म्हणणाऱ्या माणसाला पोरगी नक्की काय शिकणार हे एकदा कळलं, तर विकायची घाईही राहणार नाही.

दादाला हे उत्तर दाखवू नकोस, आधी एवढंच सांग की प्लॉट विकायचा नाही असं मी ठरवलंय. मग बघ तो सिरीयलींबद्दल किती बोलतो.

एजंटकडे तुझी मार्कशीट आणि पासपोर्टच्या प्रती असतील, त्या परत घे. मूळ कागद दिले असतील तर उद्याच जा, एकटी जाऊ नकोस, आईला घेऊन जा. आणि जेएलपीटी असो, टोपिक असो की इंडोनेशियनचा वर्ग असो, कुठली भाषा घेतलीस ते कळव. इंडोनेशियन घेतलीस तर दोन पुस्तकं माझ्याकडे पडून आहेत, ती पाठवते.